टिकलीची खुशाली

पळस फुलला की लोक रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढतात. आमच्या किन्हीराजाच्या शिवारात या दिवसांत जिकडे पाहावं तिकडे पळसच. हरभरा निघालेला, तुराट्यांचे ढीग बांधावर, रान सगळं भुंडं, आणि त्या भुंड्या रानात हे झाड एकटंच नटून उभं. मी मात्र तिथून मान खाली घालून जाते. पळसानं माझं काही वाईट केलेलं नाही. पण त्याची खाली पडलेली फुलं कोकरं खातात तेव्हा एक ओलसर, मऊ, चावण्याचा आवाज येतो. दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात तो आवाज मी दिवसभर ऐकत असे. आता फूल दिसलं तरी तोच ऐकू येतो, आणि चित्त थाऱ्यावर राहत नाही.

पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. हे गेले, मुलगी नोकरीसाठी पुण्याला राहिली, मी निवृत्त झाले. घर एवढं शांत झालं की भांडं पडलं तरी बरं वाटायचं. म्हणून चार मेंढ्या घेतल्या. गावानं चेष्टा केलीच. मॅडमची पोरं सुटली तर मॅडमनं मेंढरं धरली, म्हणाले. मीही हसले. खरं तर मेंढरं माझ्या रक्तात आहेत. माझे बाबा एका धनगराकडे राखणीला होते आणि मजुरीत त्यांना दोन मेंढ्या मिळाल्या होत्या. आमच्या वस्तीत मेंढरं असलेलं आमचं एकच घर. मी आणि माझा थोरला भाऊ देवानंद, आम्ही दोघं त्यांच्या लेंड्या झाडतच मोठे झालो.

बाबा मेंढरं विकायला बाजारात घेऊन जात, तेव्हा मी हट्टानं सोबत जायचे. त्या बाजाराचा वास अजून नाकात आहे. ओली लोकर, मूत, बिडी, आणि कुठेतरी तळली जाणारी भजी. दलाल मधे उभा राहून मोठ्यानं बोली पुकारायचा. पण ती बोली ऐकणाऱ्यांसाठी असायची. खरा सौदा दस्तीखाली चालायचा. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेत, वरून दस्ती टाकत, आणि त्या रुमालाआड बोटं दाबून भाव ठरत. तोंडानं कोणी काही बोलत नसे, नुसते डोळे बारीक करत. मला वाटे, एवढ्या खोट्या जागेत माझे बाबा कसे काय निभावतात.

बाबांची एक रीत होती. एकदा एक माणूस आला, गोड बोलणारा. म्हणाला, पाळायला पाहिजे, लेकीसारखी ठेवीन. आमची मेंढी तरणी होती, सड चांगले होते. बाबांनी त्याच्याशी गप्पा मारल्या, हसले, आणि मग दोर ओढून मेंढी मागे घेतली. मी विचारलं, काहून नाही दिली. बाबा म्हणाले, "तोंडाकडं नोको पाहू, पोरी. हात कुठी जाते थे पाह्य." पाळणारा आधी मेंढीचं तोंड उघडतो, दात बघतो, मग सड चाचपतो. कापणारा थेट कमरेवर हात ठेवतो, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं रुतवून मांस किती ते बघतो. लेकीसारखी ठेवणाऱ्या त्या माणसाचा हात कमरेवर होता. बाबांना कापणाऱ्याला विकायचं वावडं नव्हतं. नर कोकरं ते त्यालाच विकत. खोटं बोलणाऱ्याला मात्र ते द्यायचे नाहीत, एवढंच. सौदा झाला की गळ्यातला दोर सोडून घरी आणायचे आणि खुंटीला टांगायचे. दोर जनावराबरोबर द्यायचा नसतो, म्हणायचे.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते आणि दादा दहावीत. दादानं दहावी अर्धी टाकली. मला मात्र शाळेत पाठवलं, सायकलच्या दांडीवर बसवून, कॉलेज होईपर्यंत. गावात कोणी म्हटलं की पोरीला कशाला शिकवतो, तर तो पायडल मारत राहायचा. पुढे तो अनसिंगला स्थायिक झाला. मी बाई झाले, मॅडम झाले, पण त्याच्यासमोर मी दांडीवरचीच पोर. दादानं सांगितलं म्हणजे झालं. हे मी कोणाला पटवून द्यायला लिहीत नाही. केसानं गळा कापला असं लोक म्हणतात तेव्हा तो केस कुणाच्या डोक्याचा असतो, ते कळायला हवं म्हणून लिहिते.

त्या वर्षी चार मेंढ्यांना पाच कोकरं झाली. चार नर आणि एक मादी. मादी जुळ्यातली होती, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. आईनं तिला लाथाडलं. एकालाच दूध पाजायचं तिनं ठरवलं होतं, आणि मेंढीनं ठरवलं की ठरवलं. मग टिकलीला मी बाटलीनं दूध पाजलं. थंडीत तिला माझ्या जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून ठेवलं. पाचही कोकरांना मी शाळेच्या सवयीनं हाक मारायचे, "हजेरी." पहिले काही दिवस मलाच हसू यायचं. पण आठवड्याभरात त्या शब्दावर पाचही जण कुठूनही धावत यायची, आणि टिकली सगळ्यांत पुढे. वर्गात पस्तीस वर्षांत एवढी चोख हजेरी मला कधी मिळाली नाही.

कोकरं विकायची असतात, हे मला माहीत होतं. मी काही साध्वी नाही. रविवारी मटणाचा रस्सा मी आवडीनं खाते, आणि तो झाडाला लागत नाही हेही जाणते. फाल्गुनात रान उघडं पडलं, चारा संपत आला, नर एकमेकांना टकरा द्यायला लागले. चौघं जाणार, हे ठरलेलंच होतं. टिकलीही जाणार होती, कारण पाचव्या तोंडाला पुरेल एवढं माझ्याकडे उन्हाळ्याचं काही नव्हतं. फक्त ती पाळणाऱ्याकडे जावी, एवढीच माझी अट. एवढी एकच.

मी बाजाराची तयारी करत होते. बाबांच्या खुंटीवरचे दोर झटकून ठेवले होते. तेवढ्यात दादा आला, खाटेवर बसला, पाणी प्याला आणि मला बाजार किती वाईट ते सांगू लागला. तो चुकीचं काही बोलत नव्हता. कोकरांना टेम्पोत कोंबून न्यावं लागतं, दिवसभर उन्हात उभं करावं लागतं, ती पाणी पीत नाहीत, हगून हगून निम्मी होतात, दहा जण दहादा चाचपतात, आणि नाही विकली गेली तर तसंच परत आणायचं. त्यापेक्षा एक गाडीवाला आहे, म्हणाला, दारात येतो, काट्यावर तोलतो, नर सरळ कापायला नेतो. ओरड नाही, ओढाताण नाही, दस्ती नाही की दलाल नाही. जनावराचे हाल वाचतात. मी टिकलीचं विचारलं. तो म्हणाला, तिची सोय झाली आहे. अनसिंगला त्याचा एक मित्र आहे, त्याच्याकडे मेंढरांचा कळप आहे. हाच गाडीवाला जाताना तिला तिथं उतरवून देईल.

जनावराचे हाल वाचतात, हे वाक्य मला फार आवडलं. माझ्यासारख्या बाईला भुलवायला याहून चांगलं वाक्य सापडायचं नाही. मी दोर परत खुंटीला टांगले.

गाडीवाला सकाळी आला. माणूस सभ्य. मला ताई म्हणाला, चपला काढून अंगणात आला. गाडीच्या दांडीला त्यानं काटा अडकवला. एकेक नर जवळ घेऊन त्यानं कमरेवर बोटं रुतवली, मान हलवली. ते ठीकच होतं. मग त्यानं टिकलीला जवळ घेतलं. तिचं तोंड त्यानं उघडलं नाही. पोटाखाली हात घातला नाही. त्याचा हात सरळ तिच्या कमरेवर गेला, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं, एक दाब, आणि मान हलली.

मी ते पाहिलं. हे मी आज लपवणार नाही. दहा वर्षांची असताना शिकलेला धडा मला त्या क्षणी शब्द न् शब्द आठवला. मी दादाकडे पाहिलं. दादा माझ्याकडे पाहत नव्हता. अंगणापलीकडे पळस फुलला होता, तो त्याच्याकडे पाहत होता. आणि मी मनाशी म्हटलं, याला सवय असेल बापड्याला, हात जातच असेल तिकडे. समोरचा हात खोटं सांगत नव्हता. पण समोर दादा होता.

कोकरं गाडीत चढेनात. फळी लावली होती, पण चौघांनी पाय रोवले, टिकली फाटकाजवळ पळाली. गाडीवाल्यानं एकाला कानाला धरलं तशी मी ओरडले. दादा म्हणाला, "तूच बलाव. तुह्या आवाजानं येतीन."

मी मुठीत पळसाची पडलेली फुलं घेतली, फळीवरून गाडीत चढले आणि हाक मारली, "हजेरी." पाचही आली. टिकली सगळ्यांत पुढे, फळीवर खूर वाजवत, नाक माझ्या मुठीत. मी फुलं खाली टाकली आणि दुसऱ्या बाजूनं उतरले. कोणाला ओढावं लागलं नाही. दादा म्हणाला होता तसंच झालं, ओरड नाही, ओढाताण नाही. गाडी गेल्यावर लक्षात आलं की खुंटीवरचे दोर तसेच होते. या सौद्यात सोडून आणायला दोरच नव्हता.

तीन दिवस मेंढ्या ओरडल्या. टिकलीला लाथाडणारी तिची आईसुद्धा ओरडली, याचं मला नवल वाटलं. चौथ्या दिवशी दादाचा फोन आला. टिकली रुळली, म्हणाला. मला रडूच फुटलं, आनंदानं.

त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी मला टिकलीची खुशाली यायला लागली. टिकलीनं कुंपणाची तार वाकवली. टिकली मित्राच्या कोंबड्यांना घाबरवते. मित्राच्या नातीनं टिकलीच्या गळ्यात घुंगरू बांधला, आणि ती चालली की पोरगी नाचते. चौदा एप्रिलला मी दरवर्षीप्रमाणे पांढरं पातळ नेसून दादाकडे गेले, तेव्हा म्हटलं, चल, बघून येऊ. तो म्हणाला, कळप लांब चरायला नेला आहे, पुढच्या खेपेला. मी काही शंका घेतली नाही. जऊळक्याला माझा नेहमीचा वाणी आहे, शेटजी, कांदासुद्धा न खाणारा जैन माणूस. मी मेंढ्यांसाठी सरकीची ढेप घ्यायला गेले की तो आधी विचारायचा, काय म्हणते तुमची टिकली, आणि मी त्याला घुंगराची गोष्ट सांगायचे. गिऱ्हाईकं थांबायची, आम्ही दोघं हसायचो. पावसाळा उलटल्यावर दादानं सांगितलं की टिकली गाभण आहे. शेटजीनं स्वतः निवडून गुळाची ढेप काढून दिली. बाळंतिणीला लागतो म्हणाला.

कार्तिकात मी न कळवताच अनसिंगला गेले. पिशवीत गूळ आणि बाजरीचं पीठ. एसटीतून उतरले आणि विचारत विचारत थेट दादाच्या त्या मित्राच्या मळ्यावर गेले. तो ओट्यावर बसला होता. मी ओळख सांगितली. देवानंदभाऊची बहीण म्हणताच त्यानं उठून जयभीम घातला, पाणी दिलं. मी टिकलीचं विचारलं. त्याला कळलं नाही. मी मेंढी म्हटलं. तो म्हणाला, "मेंढरं कायची ताई? दोन वरीस झाले, समदी इकून टाकली. संत्रा लावला न." मागं वळून बघितलं तर खरंच संत्र्याची रोपं होती, ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या, आणि मेंढरांच्या जुन्या वाड्याच्या जागी फवारणीचा पंप. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, तुमची नात कुठं आहे. तो हसला. त्याला नातच नव्हती. दोन नातू होते, तेही नाशिकला.

मेंढी नव्हती याचा घाव मग बसला. आधी बसला तो त्या नातीचा. जी नव्हतीच ती पोरगी मी सहा महिने नाचताना पाहिली होती.

दादाच्या घरी गेले. वहिनीनं चहा टाकला. दादानं माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि त्याला सगळं समजलं. मी एवढंच विचारलं, काहून. त्यानं बशीतला चहा हलवला. मग म्हणाला की गाडीवाला चार नरांसाठी एवढ्या आत यायला तयार नव्हता. पाच असतील तर येतो, नाहीतर एकही नाही. दादानं त्याला शब्द दिला होता.

"मंग मले सांगाचं होतं," मी म्हणाले. "मी बाजारात नेली असती."

तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "तुले इकाचं बी होतं अन् पाह्याचं बी नव्हतं. म्या पाहू नाई देलं. एवढंच केलं म्या."

"अन् घुंगरू?"

"तू खुश होऊन राह्यली होती. म्या सांगत गेलो."

त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण चुकलो असं तो म्हणाला नाही, कारण त्याला तसं वाटत नव्हतं. त्याच्या मते दांडीवरच्या पोरीला खड्डा चुकवून नेलं होतं, नेहमीसारखं. मला राग आला तो याचाच. मी साठी ओलांडलेली बाई, आणि या माणसानं मला दर आठ दिवसांनी गोष्ट सांगून झोपवलं होतं. त्यानं शाळा सोडली म्हणून मी शिकले, हे खरंच. पण माझे डोळे झाकायचा हक्क त्यात आला नव्हता. वहिनी म्हणाली, जेवून जा. मी गूळ पिशवीत घालून परत निघाले. एसटीत बसल्यावर पिशवीभोवती मुंग्या झाल्या, त्या झटकायचंही भान राहिलं नाही.

शेटजीला मी आजही खरं सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं, काय झालं, नर की मादी. मी म्हटलं, मादी. तोंडातून निघून गेलं. म्हणजे दादाची खुशाली आता मी पुढे चालवते आहे.

तेव्हापासून मी बाजार आणि काटा यांचा विचार पुष्कळ केला. काटा बरोबर असतो. दादानं आणलेला काटाही बरोबरच होता, ग्रॅमचाही घोळ नव्हता. आणि बाजार म्हणजे खोटं बोलणाऱ्यांचं माहेर. पण त्या खोट्या बाजारात माझे बाबा फसले नाहीत, कारण तिथं कोणावरच विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून माणूस डोळे उघडे ठेवतो. दारात मी फसले, कारण दारात आपलं माणूस उभं होतं. जनावराचे हाल खरंच वाचले असतील. ती उन्हात उभी राहिली नाहीत, तहानेली राहिली नाहीत. हाल वाचले ते माझेही वाचले, आणि तोच सगळा डाव होता.

गेल्या वर्षी मी दोन नर घेऊन एकटी बाजारात गेले. दादा म्हणाला होता तसे सगळे हाल झाले, कोकरांचे आणि माझेही. दुपारी एक माणूस आला. कमरेवर बोटं रुतवली आणि म्हणाला, "मावशी, कापाले पाह्यजे." हात आणि तोंड एकाच जागी. मी दिली. त्यानं गळ्यातले दोर सोडून माझ्या हातात ठेवले. मी ते घरी आणून खुंटीला टांगले. रडू आलं नाही, अन्नही गोड लागलं.

गेल्या चौदा एप्रिलला मी अनसिंगला गेले नाही. पांढरं पातळ नेसले आणि गावातल्याच विहारात जाऊन बसले. वहिनीचा फोन आला, ते दारात खुर्ची टाकून बसले आहेत म्हणाली. मी म्हटलं, बसू दे. दोन दिवस जेवण गेलं नाही. दादाचा फोन अधूनमधून येतो, मी उचलत नाही. उचलला तर तो काहीतरी चांगलंच सांगेल, आणि ते खरं की खोटं हे मला कळणार नाही. भाऊ दुरावला म्हणजे काय गेलं, तर एवढंच गेलं.

आता पुन्हा फाल्गुन. यंदा टिकलीच्या आईला पुन्हा मादी झाली, हीही काळी, कपाळ मात्र कोरं. या खेपेला आईनं लाथाडलं नाही. मी ठरवलं आहे, हिला विकायची नाही. कुणी कितीही समजावो, ही दारातच म्हातारी होईल. मुलीलाही फोनवर तसं सांगितलं. नाव मात्र ठेवलेलं नाही.

परवा सकाळी मी अंगणात बसून हाक मारली, "हजेरी." ती धावत आली. हिलाही तो शब्द कुठून कळला, आईकडून असेल. मी उजव्या मुठीतली पळसाची फुलं तिच्यासमोर धरली आणि ती खाऊ लागली, तोच ओलसर, मऊ आवाज. बराच वेळ आम्ही तशाच बसलो. मग माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. तो तिच्या कमरेवर होता. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं होती आणि ती हळूहळू दाबत होती. किती वेळ, मला माहीत नाही. कारण तोवर मी त्या दिवशीच्या दादासारखी अंगणापलीकडच्या पळसाकडे बघत होते.